हडसन-बर्गन लाइट रेलच्या भरवशावर घर घ्यावं का? (बेयॉन / वेस्ट साइड / पोर्ट इम्पिरियल)

गौरी_साताऱ्याची
नमस्कार मंडळी, ऑगस्टमध्ये आम्ही आर्कान्सामधल्या बेंटनव्हिलहून जर्सी सिटीकडे, म्हणजे मॅनहॅटनच्या समोर नदीपलीकडे न्यू जर्सीत, शिफ्ट होतोय. नवऱ्याचं ऑफिस एक्सचेंज प्लेसला, माझं मॅनहॅटनमध्ये मिडटाउनला, आणि मला रोज जायचं नाहीये. गाडी एकच ठेवायची असं ठरलंय. न्यूपोर्टची भाडी बघून डोळे पांढरे झाले म्हणून आता बेयॉन, जर्सी सिटीचीच वेस्ट साइड आणि वर वीहॉकेनचं पोर्ट इम्पिरियल असे तीन भाग बघतोय, तिन्हीकडे लाइट रेल आहे. नकाशावर सगळं छान दिसतं हो, पण रोज जाणाऱ्यांना काय वाटतं ते ऐकायचंय. बसायला मिळतं का, थंडीत काय हाल होतात, रात्री उशिरा आलं तर कसं.

आणि माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दिवाळीनंतर सासू-सासरे येणार आहेत. दोघं सत्तरीच्या आसपास, सासूबाईंचे गुडघे दुखतात, इंग्लिश जेमतेम. मागच्या वेळी इकडे आले तेव्हा गाडीशिवाय कुठं जाताच येईना, आम्ही ऑफिसातून येईपर्यंत खिडकीत बसून राहायचे आणि मला ते बघवायचं नाही. यावेळी त्यांना त्यांचं त्यांना कुठंतरी जाता यावं अशी फार इच्छा आहे. लाइट रेलवर तेवढी भिस्त ठेवता येईल का?

बेयॉनकर_बापू
गौरीताई, आम्ही बेयॉनमध्ये बरीच वर्षं आहोत, मी एक्सचेंज प्लेसलाच जातो त्यामुळे तुमच्या मिस्टरांचं उत्तर मी देऊ शकतो. त्यांच्यासाठी बेयॉन उत्तम. गाडी बदलायची भानगड नाही, एट्थ स्ट्रीटहून निघालेली गाडी सरळ एक्सचेंज प्लेस, न्यूपोर्ट करत होबोकेनला जाते. आपल्याकडून चढलं की सकाळी बसायला मिळतं, पण लिबर्टी स्टेट पार्क आलं की तिथले पार्किंगवाले चढतात आणि मग उभ्यानं. म्हणून घर जितकं दक्षिणेला तितकी सीटची खात्री जास्त, हे लक्षात ठेवा.

वेगाचं म्हणाल तर बेयॉनपासून खालचा भाग जुन्या सेंट्रल रेलरोडच्या जागेवरून जातो, त्यामुळे तिथं गाडी मस्त पळते. पुढं जर्सी सिटीत एसेक्स स्ट्रीटला ती रस्त्यात उतरते, बाजूला लोकांचे दरवाजे आणि लावलेल्या गाड्या, वळणं जवळपास काटकोनात, तिथं चाकं करकरतात आणि गाडी अगदी हळू जाते. नवीन माणसाला वाटतं काहीतरी बिघडलंय. बिघडलेलं काही नसतं, तो रस्ताच तसा आहे आणि लाइट रेल म्हणजे हेच, अर्धी रेल्वे अर्धी ट्राम. आपल्या मुंबईत 1964 पर्यंत ट्राम होती, माझे आजोबा दादर ट्राम टर्मिनसचं सांगायचे तेव्हा मला चित्र डोळ्यासमोर यायचं नाही, ते इथं एसेक्स स्ट्रीटला आलं.

ही लाइन 2000 साली सुरू झाली, आधी बेयॉनच्या थर्टीफोर्थ स्ट्रीटपासून एक्सचेंज प्लेसपर्यंतच, मग 2002 ला होबोकेन, 2006 ला टनेली अ‍ॅव्हेन्यू आणि 2011 ला आमचं एट्थ स्ट्रीट. नदीकाठी आज जे टॉवर दिसतात त्यातले किती या रुळांमागून आलेत ते जुन्या लोकांना विचारा. 2025 च्या मे महिन्यात एनजे ट्रान्झिटच्या ट्रेन चालवणाऱ्या लोकांचा संप झाला, त्यांच्या सगळ्या मोठ्या गाड्या बंद होत्या, तेव्हाही लाइट रेल चालू होती. माझा जीव आहे या गाडीवर, उगाच कोणी नावं ठेवली की राग येतो.

स्टीव्हन्स_पुणेकर
मी वेस्ट साइडला राहतो आणि होबोकेनला कॉलेजला जातो. बापू काकांनी एक गोष्ट सांगितली नाही म्हणून लिहितो. वेस्ट साइडच्या गाड्या टनेलीकडे जातात, होबोकेन टर्मिनलला नाही, त्यामुळे मला मध्ये बदलावं लागतं. एक्सचेंज प्लेसला मात्र डायरेक्ट जाता येतं. बोर्ड वाचून चढायचं, आली गाडी की चढलो असं इथं चालत नाही.

आता तिकीट, हे नीट वाचा प्लीज. पुणे मेट्रोसारखं गेट वगैरे काही नाही, कोणी अडवत नाही, सरळ रस्त्यावरून प्लॅटफॉर्मवर आणि प्लॅटफॉर्मवरून गाडीत. पण म्हणून फुकट नाही, चेकर कधीही येतात. मशिनमधून कागदी तिकीट काढलं तर नुसतं खिशात ठेवायचं नाही, प्लॅटफॉर्मवरच्या छोट्या मशिनमध्ये घालून त्यावर वेळ छापून घ्यायची, आणि फोनवरचं असेल तर चढायच्या आधी अ‍ॅक्टिव्हेट करायचं. छापल्यापासून ठराविक वेळच चालतं. एकदा एक्सचेंज प्लेसला एक गुजराती आजी-आजोबा होते, दोघांच्या हातात कोरं तिकीट, पैसे भरलेले, पण छापलेलंच नाही. चेकरनं समजुतीनं घेतलं, स्वतः मशिनपाशी नेऊन दाखवलं, पण आजोबांचा चेहरा एवढा पडला होता ना, मला वाईट वाटलं. सासू-सासऱ्यांना पहिल्या दिवशी हेच शिकवा, बाकी सगळं नंतर.

आणि पाथ, म्हणजे नदीखालून मॅनहॅटनला जाणारी रेल्वे, तिचं तिकीट वेगळं बरं का, लाइट रेलचं तिकडे चालत नाही. मिडटाउनला जाताना दोनदा पैसे जाणार. 2024 च्या जुलैला भाडं 15 टक्के वाढलं आणि आता दर वर्षी 3 टक्के वाढवायचं ठरलंय, तर बजेट करताना ते धरा.

मृणाल_न्यूपोर्ट
गौरी, तुझ्या प्रश्नातलं खिडकीचं वाचून गलबलून आलं गं. आमच्याकडे बाबांचं अगदी तेच व्हायचं. आता ते दुपारी जेवण झालं की लाइट रेलनं होबोकेनला जातात, टर्मिनलच्या बाहेर पिअर ए पार्क आहे तिथं नदीकाठी बाकावर बसतात, समोर मॅनहॅटन, तिथं त्यांना एक तेलुगू आजोबा भेटतात आणि दोघं मोडक्यातोडक्या हिंदीत गप्पा मारतात. चारच्या सुमारास परत. मला फोनसुद्धा करत नाहीत.

गुडघ्यांसाठी ही गाडी फार चांगली. गाडीचं दार आणि प्लॅटफॉर्म एका लेव्हलला, पायरी चढायची नाही. बाबागाडी, व्हीलचेअर, शॉपिंगची ढकलगाडी सगळं आरामात आत येतं. 62 च्या पुढच्यांना भाडं कमी आहे, वयाचा पुरावा जवळ ठेवायचा. मी आईला एका कार्डावर स्टेशनांची नावं क्रमानं मराठीत लिहून दिली होती, आपल्या स्टेशनच्या आधीच्या दोन नावांखाली रेघ मारून, म्हणजे ती आली की उठायची तयारी करायची. गाडीत नावं पुकारतात पण पहिल्या पहिल्यांदा तो उच्चार कानाला कळत नाही.

दोन ठिकाणी लोक फसतात ते सांगते. एक म्हणजे लिबर्टी स्टेट पार्क स्टेशन. नाव वाचून वाटतं उतरलं की समोर स्टॅच्यू ऑफ लिबर्टीला जाणारी फेरी बोट, पण फेरीचा धक्का तिथून दीड मैलाच्या आसपास आहे, सासूबाईंना चालवू नकोस. लिबर्टी सायन्स सेंटर मात्र स्टेशनला अगदी लागून, नातवंडं असतील तर तिथं जाता येतं. दुसरं म्हणजे टनेली अ‍ॅव्हेन्यू. आपलं इंडिया स्क्वेअर, म्हणजे नेवार्क अ‍ॅव्हेन्यूवरची किराणा आणि मिठाईची दुकानं, तेही टनेली रस्त्याच्या जवळच आहे, त्यामुळे लोक लाइट रेलनं टनेलीला जातात आणि उतरतात नॉर्थ बर्गनमध्ये, हायवेच्या कडेला. रस्ता तोच पण जागा भलतीच. कडीपत्ता आणि ताजी मेथी हवी असेल तर पाथनं जर्नल स्क्वेअरला उतरून चालत जायचं.

हाइट्सवरून_बोलतोय
पोर्ट इम्पिरियल आणि त्या बाजूच्या घरांबद्दल थोडं. या पट्ट्यात कडा आहे, पॅलिसेड्स. खाली रूळ, वर वस्ती. आम्हाला एका ब्रोकरनं "स्टेशन पाच मिनिटांवर" म्हणून घर दाखवलं, नकाशावर खरंच पाच मिनिटं, पण घर कड्याच्या वर आणि स्टेशन खाली. नाइन्थ स्ट्रीट-काँग्रेस स्ट्रीट स्टेशनला लिफ्ट आहे, तिनं वर हाइट्सला, म्हणजे जर्सी सिटीच्या कड्यावरच्या वस्तीत येता येतं, संध्याकाळी त्या लिफ्टमधून होबोकेनची घरं आणि मागे मॅनहॅटनचे दिवे दिसतात ते मला रोज आवडतं, खोटं कशाला सांगू. पण लिफ्टवर सगळं अवलंबून. बर्गनलाइन अ‍ॅव्हेन्यू तर डोंगराच्या पोटात, जुन्या रेल्वे बोगद्यात आहे, साधारण 160 फूट खाली, तिथंही लिफ्टनंच वरखाली. दुखऱ्या गुडघ्याच्या माणसानं जमिनीवरचं स्टेशन बघावं.

पोर्ट इम्पिरियलहून मिडटाउनला फेरी आहे, थेट आणि सुंदर, पण खिशाला महाग. आणि होबोकेनच्या मागच्या बाजूला, सेकंड स्ट्रीटकडे घर बघणार असाल तर जोराच्या पावसात तिथं पाणी साचतं, 2012 च्या सँडी वादळात ते गाव केवढं बुडालं होतं ते विसरू नका.

गौरी_साताऱ्याची
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, धन्यवाद! पोर्ट इम्पिरियल यादीतून काढलं. मृणालताई, तुमच्या कार्डाची आयडिया मी उचलणार. आता बेयॉन जवळजवळ नक्की, फक्त माझं मिडटाउन राहिलं. कुठं बदलू? आणि कधी रात्री अकरा-बारा वाजले तर?

बेयॉनकर_बापू
न्यूपोर्टला बदला. तिथून मिडटाउनच्या थर्टीथर्ड स्ट्रीटची पाथ मिळते, स्टेशनं वेगळी आहेत पण चालायला दोन-तीन मिनिटं. एक्सचेंज प्लेसला अगदी दाराशी पाथ आहे पण ती मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला वर्ल्ड ट्रेड सेंटरला जाते, तुमच्या कामाची नाही. होबोकेनलाही मिळते, फक्त लाइट रेलचे प्लॅटफॉर्म टर्मिनलच्या एका टोकाला आणि पाथ दुसऱ्या टोकाला, पावसात कटकट.

रात्री अकराला काही प्रॉब्लेम नाही, हॉटेलात काम करणारे, नर्सेस, सिक्युरिटीवाले असे घरी जाणारे लोक असतात डब्यात. मात्र पाथ रात्रभर असते तशी लाइट रेल नसते, मध्यरात्र उलटली की शेवटची गाडी कितीला ते बघूनच मॅनहॅटनहून निघा. रविवारी आणि दुपारी गाड्यांमध्ये अंतर जास्त, वेळापत्रक फोनवर ठेवा. जानेवारीत प्लॅटफॉर्म उघडे आणि नदीवरचं वारं कानात घुसतं, सासऱ्यांना कानटोपी साताऱ्याहूनच आणायला सांगा, इथल्या कान झाकत नाहीत. घर थर्टीफोर्थ किंवा ट्वेंटीसेकंड स्ट्रीटच्या चालत अंतरात बघा, थर्टीफोर्थला पार्किंगही आहे. ऑगस्टमध्ये बघायला याल तेव्हा कळवा, स्टेशनवर येतो आणि दोन-तीन गल्ल्या दाखवतो.