मदत हवी आहे: सोमवारी बॅलार्ड पिअरहून क्रूझ, हाताशी रविवारचा दिवस. लोकल-मेट्रो-बेस्टने मुंबई कशी दाखवावी?

आर्वी_तालुका

नमस्कार मंडळी. शनिवारी आर्वीहून एसटीने वर्धा, तिथून संध्याकाळची विदर्भ एक्स्प्रेस, रविवारी सकाळी मुंबई. क्रूझ सोमवारी दुपारची. तिकिटावर "ग्रीन गेट, बॅलार्ड पिअर" लिहिलं आहे आणि बोर्डिंगची वेळ १ ते ३ दिली आहे.

आम्ही पाच जण: बाबा ७६ वर्षांचे, आई ६८, आम्ही दोघं आणि ९ वर्षांची मुलगी. आईचे गुडघे दुखतात. सपाट रस्त्यावर अर्धा-पाऊण किलोमीटर चालते, पायऱ्यांना मात्र हात धरावा लागते. सामान म्हणजे दोन मोठ्या ट्रॉली बॅगा, एक रेक्झिनची बॅग आणि दादरच्या नातेवाइकांसाठी संत्र्याची एक पेटी. लॉज सीएसएमटीजवळ आहे, पण खोली रविवारी दुपारी १२ ला मिळेल आणि सोमवारी १० ला सोडावी लागेल.

दिवसभराची गाडी करायची नाही. विचारायचं हे आहे:
१. दादरला उतरावं की सीएसएमटीला?
२. खोली नसलेल्या वेळात सामान कुठे ठेवायचं?
३. सिद्धिविनायक, चैत्यभूमी, गेटवे, मरीन ड्राइव्ह एवढं रविवारी होते का? एलिफंटा सोमवारी सकाळी जमेल का?
४. ग्रीन गेटपर्यंत कसं जायचं?

रूळ_आणि_रस्ता

सीएसएमटीलाच उतरा. दादरला उतरलं की बॅगा घेऊन पूल चढावाच लागतो, आणि तिथे गाडी थांबते थोडाच वेळ. सीएसएमटी हे शेवटचं स्थानक, रूळच संपतात. त्यामुळे मेल-एक्स्प्रेसच्या ८ ते १८ नंबरच्या फलाटांवरून एकही जिना न चढता थेट बाहेर पडता येतं. आईंसाठी एवढं एकच कारण पुरेसं आहे. शेवटचं स्थानक असल्याने उतरायची घाईही नसते. गर्दी पुढे जाऊ द्या, मग सावकाश उतरा.

सामानासाठी स्टेशनवर क्लोक रूम आहे, शिवाय पैसे भरून वापरायचे डिजिटल लॉकरही आहेत. क्लोक रूमला तीन गोष्टी लागतात: प्रवासाचं तिकीट (पीएनआर दिसला पाहिजे), ओळखपत्र आणि प्रत्येक बॅगेला कुलूप. लोक अडतात ते कुलपापाशी. चेनला कुलूप नसेल, किंवा दोरीने बांधलेलं बोचकं असेल, तर ते घेत नाहीत. रेक्झिनच्या बॅगेच्या दोन्ही चेनच्या कड्या एकत्र येतात का ते घरीच बघा आणि त्यात बसेल असं लहान कुलूप वर्ध्यालाच घेऊन ठेवा. पैसे नगामागे आणि २४ तासांच्या हिशोबाने लागतात, म्हणून चार लहान पिशव्यांपेक्षा दोन मोठ्या बॅगा परवडतात. पावती हरवली तर बॅग परत मिळवताना फार वेळ जातो, तेव्हा हाती पडताच तिचा फोटो काढा.

संत्र्याची पेटी मात्र तिथे ठेवता येणार नाही, खाण्याच्या वस्तू घेत नाहीत. नातेवाइकांना सकाळी सीएसएमटीलाच बोलवा, किंवा पेटीऐवजी दोन कापडी पिशव्या करा आणि चैत्यभूमीला जाताना दादरला पोचवा.

आणखी एक. आर्वी-वर्धा एसटीत बाबांना ७५ च्या वर म्हणून मोफत, आई ६५ च्या वर म्हणून अर्धं, वहिनींना महिला सन्मान योजनेत अर्धं. ज्येष्ठांचे आधार कार्ड हाताशी ठेवा. ही सवलत एसटीपुरतीच आहे, मुंबईत बेस्टच्या बसमध्ये ती मागू नका.

चौथी_सीट

रविवार म्हणजे मेगाब्लॉक. मध्य रेल्वेच्या मुख्य आणि हार्बर मार्गावर साधारण सकाळी ११ च्या सुमारास काम सुरू होतं ते दुपारी ४ च्या आसपासपर्यंत चालतं. त्या वेळात जलद गाड्या धीम्या मार्गावर वळवतात, काही रद्द होतात, आणि उरलेल्या गाड्यांना रविवारीही कामाच्या दिवसासारखी गर्दी असते. पश्चिम रेल्वेचाही ब्लॉक असू शकतो. कुठून कुठपर्यंत ते शनिवारी जाहीर होतं. गाडीत बसल्यावर फोनवर बघून घ्या.

मुलीला लोकल दाखवायचीच असेल तर रविवारी सकाळी ९ च्या आत सीएसएमटीहून भायखळ्यापर्यंत धीम्या गाडीने जाऊन परत या. मस्जिद, सँडहर्स्ट रोड, भायखळा, तिसरंच स्थानक. गाडी सीएसएमटीहूनच सुटत असल्याने बसायला जागा मिळते. दुसऱ्या वर्गाचं किमान तिकीट ५ रुपये, परतीचं एकदमच काढा. इंडिकेटरवर "धीमी" बघूनच चढा. उतरताना गाडी पुरती अर्धा मिनिटही थांबत नाही, म्हणून आधीच्या स्थानकावरच दाराकडे सरकायचं आणि उतरायची बाजू कोणती ते शेजारच्याला विचारून ठेवायचं. आईंना सोबत नेऊ नका. डबा आणि फलाट यांत उंचीचा फरक असतो, आणि गुडघेदुखी असलेल्या माणसाला अर्ध्या मिनिटात तो पार करायला लावणं बरोबर नाही.

माहेर_दारव्हा

भाऊ, तुमच्या यादीसाठी मेट्रो ३ धरा, बाकी सगळं तिच्याभोवती बसवा. ऑक्टोबर २०२५ पासून ही भुयारी मेट्रो आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू आहे, ३३.५ किलोमीटर, २७ स्थानकं. सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेट, गिरगाव, ग्रँट रोड, सिद्धिविनायक, दादर ही सगळी एकाच मार्गावर आहेत, गाडी बदलायची नाही. तिकीट अंतराप्रमाणे १० ते ७० रुपये. डबा एसी, फलाट आणि डबा एका पातळीत, आणि मेगाब्लॉकशी तिचा संबंध नाही.

सकाळी बॅगा ठेवून, प्रतीक्षालयात तोंड-हात धुऊन, नाश्ता करून साडेनऊला निघा. रविवारची पहिली गाडी किती वाजता ते आदल्या दिवशी मेट्रोच्या अ‍ॅपवर बघा. रस्त्यावरून खाली उतरताना लिफ्टचं चिन्ह असलेलं प्रवेशद्वार शोधायचं. प्रत्येक दाराला लिफ्ट नसते, आणि ही स्थानकं बरीच खोल आहेत. चुकीच्या दाराने उतरलात तर आईंना पायऱ्या पडतील. सुरक्षारक्षकाला "लिफ्ट कुठल्या गेटला?" एवढं विचारा. आत बॅग तपासणीच्या यंत्रातून जाते.

तिकीट म्हणजे क्यूआर कोड. प्रत्येकाचा वेगळा, आणि तो आत जाताना व बाहेर पडताना दोन्ही वेळा लागतो. पाच तिकिटं एकाच फोनवर काढलीत तर फाटकापाशी एकेक कोड सरकवत बसावं लागतं आणि मागे रांग तुंबते. त्यापेक्षा खिडकीवर कागदी तिकिटं घ्या आणि ज्याचं त्याच्या हातात द्या. फक्त कोडवर घडी पडू देऊ नका, घडी पडली की यंत्र वाचत नाही. मुलीला पुढे ठेवा, बाबांना मध्ये. फोनवरच तिकीट काढणार असाल तर रस्त्यावर असतानाच काढा, भुयारात रेंज मिळेलच असं नाही.

सीएसएमटीहून "आरे" दिशेची गाडी. नववं स्थानक सिद्धिविनायक. देवळाजवळच बाहेर येता. ज्येष्ठांची वेगळी रांग विचारा. मंगळवारची गर्दी इथे सर्वात मोठी, रविवारची त्याखालोखाल. मग पुन्हा मेट्रोने एकच स्थानक पुढे, दादर. तिथून शिवाजी पार्कच्या बाजूने चैत्यभूमी साधारण एक किलोमीटर. आईंच्या मर्यादेबाहेर आहे, म्हणून जाताना टॅक्सी करा. ऊन चढायच्या आत आटपा, स्तूपाच्या परिसरात दुपारी फरशी तापते आणि चपला बाहेर काढाव्या लागतात. तुमची तारीख डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात असेल तर मात्र सगळंच वेगळं. ६ डिसेंबरला नागपूरकडून येणाऱ्या गाड्या आणि दादर परिसर दोन्ही भरलेले असतात.

एक-दीडपर्यंत परत सीएसएमटी, खोलीचा ताबा, जेवण, आणि दोन तास सगळ्यांनी पाठ टेकवायची. हे दोन तास कापू नका. रात्रभर गाडीत बसून आलेल्या वयस्कर माणसांना सलग फिरवलं तर सोमवारी बोर्डिंगच्या रांगेत त्यांचे हाल होतात.

साडेतीनला पुन्हा मेट्रो, ग्रँट रोड. वर्धा जिल्ह्यातल्या माणसांनी मणिभवन बघावंच, ही माझी आग्रहाची शिफारस. १९१७ ते १९३४ गांधीजींचा मुंबईतला मुक्काम याच घरात असायचा. त्यानंतरच त्यांचं केंद्र वर्ध्याकडे आणि १९३६ पासून सेवाग्रामला आलं. सेवाग्रामची कुटी पाहिलेल्या मुलीला त्याआधीचा टप्पा इथे दिसेल. पलीकडेच ऑगस्ट क्रांती मैदान आहे. "छोडो भारत"चा ठराव वर्ध्याला जुलै १९४२ मध्ये काँग्रेस कार्यसमितीत झाला आणि ८ ऑगस्टला इथे मंजूर झाला. मणिभवन संध्याकाळी सहाला बंद होतं, वरच्या मजल्याला जिना आहे. आईंना खालचं ग्रंथालय दाखवा.

तिथून गिरगाव चौपाटी जवळ आहे. चौपाटीवरून चर्चगेटकडे जाणारी बेस्ट घ्या आणि उजव्या बाजूच्या खिडकीला बसा, समुद्र त्या बाजूला असतो. सूर्यास्त मरीन ड्राइव्हच्या कठड्यावरून बघा. परतीला चर्चगेट मेट्रो. रात्री साडेदहाच्या सुमारास शेवटच्या गाड्या सुटतात, त्यावर विसंबून राहू नका. साडेनऊला स्थानकात असा.

आर्वी_तालुका

बाप्पा, एवढं सविस्तर कोणी सांगत नाही. ताई, मणिभवन यादीत घातलं. आता दोनच शंका. गेटवे सोमवारी सकाळी ठेवला तर एलिफंटा त्याच्याच जोडीला होते ना? आणि हाजी अली राहिलं, ते कुठे बसवू?

कपाशी

एलिफंटा सोमवारी बंद असते. आणि दुसरा कुठला वार असता तरी बोर्डिंगच्या दिवशी नकोच. गेटवेहून बोट पोचायला तासभर, धक्क्यापासून लेण्यांपर्यंत १२० च्या आसपास पायऱ्या, परतीच्या बोटीची रांग वेगळी. निम्मा दिवस जातोच, आणि भरती-वारा मध्ये आला तर तुमच्या हातात काही राहत नाही. आईंच्या गुडघ्यांना तर त्या पायऱ्या झेपणारच नाहीत. मुलीला बोटीत बसायची हौस असेल तर त्याच दिवशी दुपारी जहाज आहेच.

हाजी अलीचा रस्ता भरतीला पाण्याखाली जातो. रविवारची भरतीची वेळ बघूनच ठरवा, आणि जायचं तर सिद्धिविनायकाहून परतताना टॅक्सीने. नाही जमलं तर वाईट वाटून घेऊ नका.

रूळ_आणि_रस्ता

सोमवारचा नियम एकच: बंदरापासून दोन-तीन किलोमीटरच्या बाहेर जायचं नाही. काही बिघडलं तरी पायी किंवा टॅक्सीने वेळेवर पोचता आलं पाहिजे.

९ ला खोली सोडा, बॅगा लॉजवाल्याकडे ठेवता येतात का विचारा, नाहीतर पुन्हा क्लोक रूम. सीएसएमटीची इमारत रस्त्यापलीकडून, महापालिकेच्या बाजूने बघा. तिथून घुमट आणि त्यावरची मूर्ती पूर्ण दिसते, खाली उभं राहून दिसत नाही. १८८७ ची इमारत, २००४ पासून जागतिक वारसा यादीत. मग सीएसएमटीहून गेटवेकडे बेस्ट. बसच्या समोर नंबर मराठी आकड्यांत असतो, बाजूला इंग्रजीत, तेव्हा बाबा स्वतः वाचू शकतील. बिगर-एसी बसचं किमान भाडं १० रुपये, एसीचं १२, दोन्ही पहिल्या ५ किलोमीटरला. सुट्टे पैसे जवळ ठेवा. चढण्याआधी वाहकाला "गेटवे की रीगल?" विचारा. बऱ्याच बसा रीगल सिनेमाच्या चौकात सोडतात, तिथून गेटवे पायी पाच-सात मिनिटं. सव्वादहाला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय उघडतं, ते रीगलसमोरच आहे. आईंना बागेत बसवून तासभर बघून होतं. गेटवेवर अर्धा तास पुरे.

पावणेबाराला परतीची बस पकडलीच पाहिजे.

दर्यावर्दी_वाशीम

क्रूझचं म्हणून थोडं. वेब चेक-इन घरूनच करा. बोर्डिंग पास आणि बॅगेचे टॅग आर्वीतच झेरॉक्सच्या दुकानातून छापून घ्या, टॅग प्लास्टिकच्या पाकिटात घालून हँडलला बांधा. टर्मिनलवर मोठ्या बॅगा तुमच्याकडून घेतात आणि त्या केबिनवर पोचायला काही तास लागतात. म्हणून आईबाबांच्या गोळ्या, चष्मे, मूळ ओळखपत्रं (झेरॉक्स नव्हे), मुलीचं आधार आणि एकेक कपड्याचा जोड हातातल्या पिशवीत. गुडघ्यांसाठी व्हीलचेअर हवी असेल तर आधी फोन करून नोंदवा. गेटवर ऐनवेळी मागितली तर थांबावं लागतं.

घरचा डबा, ठेचा, चिवडा, सांडगी मिरची रेल्वेतच संपवा. बाहेरचं खाणं जहाजावर नेऊ देत नाहीत. इस्त्री, पाणी तापवायची केटली, चाकू, एक्स्टेन्शन बोर्डही काढून घेतात. अडकित्त्याचीही चाकूसारखीच गत होईल, तो घरीच ठेवा.

आर्वी_तालुका

अडकित्ता बाबांच्या पिशवीत असतोच, काढून ठेवतो. शेवटचं: सीएसएमटी ते ग्रीन गेट बॅगांसकट. ऑटो मिळते का? पायी होते का?

रूळ_आणि_रस्ता

ऑटो नाही. मुंबईत रिक्षा वांद्रे आणि सायनच्या अलीकडे, म्हणजे दक्षिणेकडे, चालत नाही. अंतर साधारण एक-सव्वा किलोमीटर. एकट्याला पायी ठीक, तुम्हाला नाही.

काळी-पिवळी टॅक्सी घ्या. पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये, सामानाचे थोडे वेगळे. पाच जण आणि बॅगा एका टॅक्सीत मावणार नाहीत. लहान टॅक्सीत चार जण कसेबसे, वरचं कॅरिअर बघून घ्या. दोन टॅक्सी करा: एकीत आईबाबा आणि वहिनी, दुसरीत तुम्ही, मुलगी आणि बॅगा. दोन्ही गाड्यांत बोर्डिंग पासची एकेक छापील प्रत ठेवा, कारण बंदराच्या फाटकावर पास आणि ओळखपत्र बघूनच आत सोडतात, आणि एक टॅक्सी पुढे गेली तर तिच्यातले लोक फाटकावर अडकतील. जवळचं भाडं म्हणून काही चालक नाही म्हणतात. तेव्हा स्टेशनसमोरच्या गर्दीऐवजी १८ नंबर फलाटाच्या बाजूने पी. डिमेलो रोडवर बाहेर पडा. बंदर त्याच बाजूला आहे, वळसा वाचतो. "बॅलार्ड पिअर, ग्रीन गेट, क्रूझ टर्मिनल" असं पूर्ण सांगा. नुसतं "डॉक" म्हटलंत तर भलत्याच फाटकावर नेतील, बंदराला फाटकं बरीच आहेत.

साडेबाराला टॅक्सीत बसा.