बर्म्याहून आलेले आजोबा, पिवळी कातडी आणि सुटता न सुटणारा थंडीताप

माणदेशी_नात:
माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीत होते. १९४६च्या सुरुवातीला बर्म्याहून माणमधल्या आमच्या गावी परतले, तेव्हा अंगाने हळदीसारखे पिवळे होते. दोन-तीन महिन्यांत तो रंग उतरला आणि मग ताप सुरू झाला. दात वाजायचे, आजी दोन घोंगडी टाकून वर स्वतः दाबून बसायची. चार दिवसांनी घाम येऊन मोकळे व्हायचे, की महिन्या-दीड महिन्याने पुन्हा तेच. हे १९४८पर्यंत चाललं. गावाने ठरवून टाकलं की पलटणीत दारू पिऊन कावीळ करून घेतली. आजी सांगायची, मिळणारी रमसुद्धा ते दुसऱ्याला देत. कुणी मानलं नाही. मोठी आत्या तेव्हा पाच वर्षांची होती, तिला अजून ते बोल आठवतात. हा आजार नेमका कुठला असेल?

काचपट्टी:
ताई, मी कोकणात ३१ वर्षं हिवताप विभागात रक्ताचे नमुने तपासले. माणूस समोर नसताना निदान करू नये, हे मलाही कळतं. पण तुम्ही ज्या क्रमाने लिहिलंय, रंग आधी आणि ताप नंतर, तो वाचून मी थांबलोच.

तो पिवळा रंग बहुधा मेपाक्रिनचा, म्हणजे हिवतापावरच्या एका औषधाचा. १९४२मध्ये जपानने जावा घेतलं आणि हिवतापावरचं जुनं औषध म्हणजे कोयनेल (क्विनीन), ते जगाला बहुतेक ज्या सिंकोना झाडांच्या बागांतून यायचं, त्या हातच्या गेल्या. मग फौजेला रोज मेपाक्रिनची गोळी सुरू झाली. कडूजहर, आणि काही आठवडे घेतली की कातडी पिवळी करणारी. पुरुषत्व जातं अशी अफवा जवानांत होती, म्हणून कितीतरी जण ती गुपचूप थुंकून टाकत.

ब्रिटिश जनरल स्लिम यांनी १९४३ मध्ये बर्म्याच्या आघाडीवरच्या १४व्या आर्मीची सूत्रं घेतली, तेव्हा एका जखमी माणसामागे १२० आजारी माणसं मागे पाठवावी लागत होती. एकट्या हिवतापाचं वर्षाचं प्रमाण फौजेच्या ८४ टक्के! आजारी जवान शेकडो मैल दूर हिंदुस्थानातल्या दवाखान्यात जायचा आणि सरासरी पाच महिने परतत नसे. स्लिम यांनी आघाडीच्या मागे काही मैलांवरच उपचारकेंद्रं उभी केली. शिवाय गोळी पोटात जाते की नाही, याची अचानक तपासणी लावली. ९५ टक्क्यांहून कमी जवानांत औषध सापडलं, की त्या पलटणीच्या कमांडिंग ऑफिसरला घरी पाठवायचं. तिघांना पाठवल्यावर बाकीचे समजले.

आता तापाचं. हिवतापाच्या जंतूंत एक व्हायवॅक्स, आम्ही त्याला 'पीव्ही' म्हणतो. तो रक्तात येण्याआधी यकृतात जातो आणि त्यातले काही जंतू तिथेच झोपून राहतात. मेपाक्रिन रक्तातल्या जंतूला मारतं, झोपलेल्याला हात लावत नाही. कोयनेलचंही तसंच. गोळी चालू होती तोवर आजोबा उभे राहिले. घरी आल्यावर ती बंद झाली, अंगातलं औषध उतरलं, रंगही उतरला आणि झोपलेले जंतू उठले. ते सगळे संपायला दोनेक वर्षं लागणं अगदी पटण्यासारखं आहे.

झोपलेल्या जंतूंवर चालणारं प्रायमाक्विन १९५०च्या दशकात आलं. कोरियाच्या युद्धाहून परतणाऱ्या अमेरिकन जवानांना ते बोटीवरच १४ दिवस दिलं गेलं. मीही हेच १४ दिवसांचे डोस घरोघरी दिले आहेत. ताप उतरला की लोक पाचव्या दिवशी गोळ्या फळीवर ठेवून देत, आणि दोन महिन्यांनी तेच नाव पुन्हा माझ्या रजिस्टरात. तुमच्या आजोबांना तर तो डोस मिळण्याची सोयच नव्हती.

एक विचारतो. आत्यांना आठवतं का, डोळे पिवळे होते की फक्त कातडी? कावीळ डोळ्यांत आधी दिसते. मेपाक्रिनचा रंग मुख्यतः कातडीवर चढतो.

निवृत्त_हवालदार:
काकांनी लिहिलंय ते बरोबर. सूर्य मावळला की बाह्या खाली, पूर्ण पॅन्ट, ही शिस्त आमच्या वेळीही ईशान्येत होती. हिवतापाचा डास अंधार पडल्यावर चावतो. ताई, मराठा पलटणीची चौथी बटालियन मार्च १९४४ मध्ये इम्फाळजवळ सांगशाकला लढली होती. आजोबांची बटालियन कुठली, ते डिस्चार्ज बुकात असेल. त्यातला नंबर घालून बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र टाका.

माणदेशी_नात:
काका, आत्ताच आत्याला फोन केला. ती म्हणाली, "डोळं पांढरंफेक होतं. आई सगळ्यांना हेच सांगायची, पोराचा बाप पिवळा हाय, त्येचं डोळं बघा की." आम्हाला वाटायचं आजी नवऱ्याची बाजू घेतेय. डिस्चार्ज बुक चुलत्यांच्या ट्रंकेत आहे, रविवारी गावी जाते. तुमचं उत्तर कागदावर मोठ्या अक्षरात उतरवून घेतलंय, आत्याला वाचून दाखवायला.

काचपट्टी:
आजीचं निरीक्षण माझ्या सूक्ष्मदर्शकाच्या तोडीचं होतं. आत्यांना हेही सांगा.