थ्रॉटल सेन्सर नवीन टाकला तरी त्रास, मदत हवी आहे

रंकाळाकाठ
नमस्कार. चाळीस-पन्नासच्या वेगाला पाय एका जागी ठेवला की गाडी झटके मारायची. मेकॅनिकने थ्रॉटल सेन्सर गेलाय सांगितलं, परवा नवीन टाकला. झटके गेले, पण आता गाडी उभी असतानाही इंजिन ओरडतंय, दीड हजार आरपीएमच्या खाली येतच नाही. शनिवारी आईला घेऊन आंबा घाटातून रत्नागिरीला जायचंय. सेन्सर परत बदलू का? लवकर सांगा.

नानापेठकर
गाडी कोणती, साल कोणतं? गॅस किट आहे का?

रंकाळाकाठ
एस्टीम, २००१. बाबांची आहे. गॅस नाही. प्रश्न सेन्सरचा आहे हो.

जुनं_इंजिन
माझी कॉन्टेसा इसुझूच्या १.८ इंजिनाची. साधा कार्बोरेटर, असला सेन्सरच नाही. स्क्रू ड्रायव्हर हातात आणि कान इंजिनाकडे, एवढ्यावर ट्यूनिंग होतं. तुम्हीपण कार्बोरेटर बसवून घ्या, कायमची कटकट मिटेल.

घाटमाथा
अहो, शनिवारी निघायचंय त्यांना! इंजेक्शनच्या पंपाचा दाब कार्बोरेटरला झेपत नाही. पंप, मॅनिफोल्ड, इग्निशन सगळ्यालाच हात घालावा लागेल. चांगल्या गाडीची वाट लावायचा सल्ला देऊ नका.

जुनं_इंजिन
वाट लावायचा नाही, वीस वर्षांच्या अनुभवाचा सल्ला आहे.

पर्वती८२
थ्रॉटल बॉडी साफ केली का? कार्ब क्लीनर मारा भरपूर, माझ्या झेनला लगेच फरक पडला होता.

घाटमाथा
भरपूर नको. बॉडी काढून, फडक्यावर घेऊन पुसायचं. स्प्रे शाफ्टच्या कडेने सेन्सरमध्ये उतरला तर आतला पट्टा खराब होतो.

हिरवीपाटी
२००१ ची म्हणजे पंधरा वर्षं कधीच उलटली. नोंदणीचं नूतनीकरण केलंय ना? २५ नंबरचा फॉर्म, फिटनेस तपासणी, पर्यावरण कर. पाच वर्षांनी पुन्हा तेच. दुसऱ्या जिल्ह्यात निघालाय, कागद सोबत ठेवा.

रंकाळाकाठ
कागद नीट आहेत. सेन्सरचं कुणी सांगेल का?

वायरिंग_सातारा
सांगतो. हा सेन्सर म्हणजे रेडिओच्या आवाजाच्या बटणासारखा पोटेन्शियोमीटर. तीन वायरी: एकीवर ५ व्होल्ट, एक अर्थ, तिसरी सिग्नल. थ्रॉटल, म्हणजे ॲक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप, फिरलं की सेन्सरच्या आतली पत्ती कार्बनच्या पट्ट्यावर सरकते आणि सिग्नल वाढतो. आपण रोज ठरावीक वेगाने चालवतो, म्हणून पट्टा तेवढ्याच जागी झिजतो. तुमचे झटके त्याचेच, निदान बरोबर होतं.

आता नवीन सेन्सर बसवताना व्होल्ट मोजले का? इग्निशन चालू, इंजिन बंद, कनेक्टर लावलेला. मागून टाचणी घालून सिग्नल बघा. थ्रॉटल मिटलेलं असताना साधारण अर्धा ते एक व्होल्ट हवा. हाताने सावकाश पूर्ण उघडा, चारच्या आसपास न अडखळता चढला पाहिजे. काटेवाला मीटर मिळाला तर उत्तम, काटा दचकलेला डोळ्याला दिसतो. मिटलेलं असताना जास्त दाखवत असेल तर कॉम्प्युटरला वाटतं तुमचा पाय ॲक्सिलरेटरवरच आहे, मग तो इंजिनला आयडलवर, म्हणजे पाय काढल्यावरच्या कमी फेऱ्यांवर, आणत नाही.

नानापेठकर
डुप्लिकेट निघाला असेल. असा माल रास्ता पेठेपासून कुर्ल्यापर्यंत मिळतो, खोक्यावर जाऊ नका.

रंकाळाकाठ
मोजलं. मिटलेलं असताना १.४. उघडताना सरळ चढतोय. म्हणजे सेन्सर खराबच ना?

वायरिंग_सातारा
सरळ चढतोय म्हणजे सेन्सर चांगला आहे. स्क्रूची छिद्रं लांबट आहेत का? आणि मेकॅनिकने आणखी कशाला हात लावला?

रंकाळाकाठ
लांबट आहेत. हो, आधी गाडी बंद पडायची म्हणून त्याने थ्रॉटलच्या बाजूचा एक छोटा स्क्रू आत घेतला होता. महिना झाला. त्याचा काय संबंध?

वायरिंग_सातारा
हे पहिल्याच दिवशी लिहायला हवं होतं, दादा. तो स्टॉप स्क्रू. कारखान्यात लावून रंगाने बंद केलेला असतो, आयडल त्यावर लावायचं नसतं. तो आत गेला म्हणजे थ्रॉटल पूर्ण मिटतच नाही. इंजिन गार असताना तो लिव्हरपासून सुटेपर्यंत मागे घ्या, मग लिव्हरला जेमतेम टेकवा, थ्रॉटल भोकात अडकणार नाही इतपतच. केबलला थोडी ढील ठेवा. मगच सेन्सरचे दोन्ही स्क्रू सैल करून मीटर बघत फिरवा, ०.६ च्या आसपास घट्ट करा. हा क्रम उलटा केलात तर पुन्हा तिथेच याल. शेवटी बॅटरीची निगेटिव्ह थोडा वेळ काढून ठेवा.

जुनं_इंजिन
शेवटी स्क्रू ड्रायव्हरच लागला ना.

रंकाळाकाठ
झालं! ०.६२ वर बसवलं. आयडल नऊशेच्या जवळ, पन्हाळ्यापर्यंत जाऊन आलो, एकही झटका नाही. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा गाडी अशी शांत उभी राहिली. फक्त एसी लावला की क्षणभर खाली जाते.

वायरिंग_सातारा
आयडल व्हॉल्व्हमध्ये काजळी असेल, परत आल्यावर साफ करा. घाटात त्याने अडणार नाही. स्टॉप स्क्रूवर नेलपॉलिशचा ठिपका लावून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी कुणी हात लावला तर कळेल.