इंका ट्रेल, जून महिना: नाशिकमध्ये राहून तयारी कशी करावी?

सातपूरचा_सायकलवाला:
नमस्कार मंडळी. पेरूमधल्या माचू पिचूच्या चार दिवसांच्या इंका ट्रेलची परमिटं मिळाली आहेत, जूनचा दुसरा आठवडा. मी ४७, भाची २२. सह्याद्रीत दोघंही नेहमी फिरतो, पण २,००० मीटरच्या वर कधी गेलेलो नाही. बेत असा: लिमाला उतरायचं, दुसऱ्या दिवशी विमानाने कुस्को, तिथे एक मुक्काम आणि लगेच ट्रेक. तोवर दर रविवारी कळसूबाई. एवढ्याने उंचीची सवय होईल का? उंचीचा त्रास टाळायची डायमॉक्सची गोळी घ्यावी का? आणि उतरताना माझा उजवा गुडघा दुखतो, त्यावर काय करता येईल?

अंजनेरीची_वाट:
दादा, कळसूबाई १,६४६ मीटर. शंभरदा चढलात तरी पाय तयार होतील, उंचीची सवय होणार नाही. ती तिथे जाऊन, तिथे झोपूनच होते. कुस्को ३,४०० मीटरवर आहे. लिमा समुद्रकाठी, म्हणजे दीड तासाच्या विमानात तुम्ही थेट तेवढी उंची गाठता आणि त्याच रात्री डोकं धरतं. ट्रेकमधली सर्वांत उंच खिंड वार्मिवान्युस्का, ४,२१५ मीटर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्के, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही तेवढाच.

तेव्हा बेत बदला. कुस्कोच्या विमानतळावरून गाडीने सरळ खाली उरुबांबा किंवा ओयांतायतांबोला जा. दोन्ही गावं २,८०० मीटरच्या आसपास आहेत. तिथे दोन रात्री काढा. दिवसा पिसाक, मोराय वगैरे बघायला वर चढा आणि झोपायला खाली या. मग कुस्कोत एक-दोन रात्री. ट्रेकच्या आधी एकूण चार रात्री मिळाल्या तर उत्तम, तीन म्हणजे अगदी किमान. सुट्टी कमी पडत असेल तर ट्रेकनंतरचं फिरणं कापा, हे दिवस कापू नका. कुस्कोचं हॉटेल मात्र आत्ताच ठरवून टाका. २४ जूनला तिथे इंती राय्मीचा उत्सव असतो आणि त्याआधीपासूनच गाव भरलेलं असतं.

ब्रह्मगिरी_रोज:
गुडघ्याचं बघू. लोक चढाचा धसका घेतात, पण या वाटेवर गुडघे जातात ते उतारावर. दुसऱ्या दिवशी वाय्याबांबाकडून खिंडीपर्यंत साधारण १,२०० मीटर चढ, आणि लगेच पकायमायोच्या तळापर्यंत ६०० मीटर उतार, तोही दगडी पायऱ्यांचा. तिसऱ्या दिवशी फुयुपातामार्काहून विन्याय वायनापर्यंत जवळपास १,००० मीटर उतार. पायऱ्या एकसारख्या नाहीत: एक वीतभर, पुढची थेट गुडघ्याएवढी. पाय आपोआप पडत नाही, प्रत्येक पायरी बघून उतरावं लागतं.

त्यामुळे हरिहर नको. तिथल्या उभ्या पायऱ्या हाताने धरून चढायच्या, तो सराव इथे कामाचा नाही. ब्रह्मगिरी आणि सप्तशृंगीच्या पायऱ्या जास्त उपयोगी. शनिवारी ब्रह्मगिरी, रविवारी अंजनेरी असं लागोपाठ करा. दुखऱ्या पायांनी दुसऱ्या दिवशी चालायची सवय एका रविवारच्या कळसूबाईने लागत नाही. पाठीवर आधी चार किलो, शेवटच्या महिन्यात सहा-सात. एप्रिल-मेमध्ये पहाटे पाचला पायथ्याशी हवं, नऊनंतर ऊन टिकू देत नाही.

आठवड्यात तीनदा घरच्या जिन्यावर एका पायाने पायरी उतरायचा व्यायाम करा. वरच्या पायरीवर उजवा पाय ठेवायचा आणि डावी टाच खालच्या पायरीला नुसती टेकेल इतकं तीन सेकंद घेऊन खाली जायचं. उजवा गुडघा आत वळला की थांबायचं. दोन्ही पायांनी १२-१२, असे तीन फेरे. आतली कळ पायरी उतरताना वाढत असेल किंवा गुडघा सुजत असेल तर हे सोडा आणि आधी अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा. दुखणं दाबून सराव केलात तर जूनपर्यंत ते पक्कं होईल.

दोन काठ्या न्याच. टोकाला रबरी टोपी हवी, नुसतं लोखंडी टोक तिथे चालत नाही. टोपी चिखलात निसटते, जादा जोडी ठेवा. नखं ट्रेकच्या दोन-तीन दिवस आधी कापा, आणि उतरताना घोट्याजवळ नाडी घट्ट ओढा, नाहीतर अंगठा बुटाच्या पुढच्या भागावर आदळून नख काळं पडतं.

गंगापूररोड_डॉक्टर:
डायमॉक्सबद्दल. प्रतिबंधक म्हणून सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, वर जायच्या आदल्या दिवसापासून. आपल्याकडे २५० ची गोळी मिळते, ती अर्धी करायची. सल्फाची ॲलर्जी किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते, सोडा बेचव लागतो. हे घाबरण्यासारखं नाही. पण घरी एकदा घेऊन बघा, म्हणजे मुंग्या आणि उंचीचा त्रास यांत गल्लत होणार नाही. गोळी घेतली म्हणजे वेगाने चढायला परवानगी, असं नव्हे.

डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं असं असेल तर आहे तिथेच थांबा, पुढे चढू नका. चालताना तोल जाणं, गोंधळल्यासारखं बोलणं, विश्रांती घेऊनही धाप न थांबणं, गुलाबी फेसाचा खोकला: यांत सकाळची वाट बघायची नाही, रात्र असली तरी लगेच खाली उतरवायचं. जोडीदाराने हे बघायचं, कारण ज्याला होतं त्याला 'मी ठीक आहे' असंच वाटत असतं.

पिवळ्या तापाची लस विसरू नका. पेरू त्या तापाच्या यादीतला देश आहे, परत येताना भारतात प्रमाणपत्र मागतात, नसेल तर विलगीकरण. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते आणि दहा दिवसांनंतर ग्राह्य धरतात, तेव्हा मेमध्येच उरकून टाका.

कोकाचा चहा हॉटेलात मिळेल. तिथे कायदेशीर आहे, हवा तर प्या, पण तो उंचीच्या त्रासावरचा उपाय म्हणून धरू नका. त्या पानांची एकही पुडी बॅगेत घालून आणू नका, आपल्याकडे ती अमली पदार्थांत मोडतात.

सातपूरचा_सायकलवाला:
सगळ्यांचे आभार. बेत बदलला, उरुबांबात दोन रात्री ठरल्या. सामानात काय लागेल? शिवाय आम्ही शाकाहारी.

अंजनेरीची_वाट:
जूनमध्ये पकायमायोला पहाटे तापमान शून्याच्या जवळ जातं. स्लीपिंग बॅग उणे पाच अंशांची घ्या, वजनाचा हिशोब करून. हमालाकडे द्यायची बॅग बहुतेक कंपन्या सहा-सात किलोंवर अडवतात. तिथला हमाल एकूण २० किलोच उचलू शकतो, तोही मोजूनच.

तीन थर पुरतात: लवकर वाळणारा बनियन, लोकरी किंवा फ्लीसचा थर, वर पाऊस-वारा अडवणारं जॅकेट. सुती कपडे नकोत, घामाने ओले झाले की खिंडीत थांबताच अंग गार पडतं. वाटेवर वीज नाही, पॉवर बँक रात्री झोपायच्या पिशवीत ठेवा, थंडीत लवकर उतरते. एकदाच वापरायच्या प्लास्टिक बाटल्या चालत नाहीत, दोन लिटरची पक्की बाटली किंवा पाण्याची नळीवाली पिशवी न्या.

शाकाहाराचं नोंदणी करतानाच लेखी कळवा आणि 'मांस, मासे, कोंबडीचा रस्सा नको' असं नावं घेऊन लिहा. सूपमध्ये कोंबडीचं पाणी असलं तर स्वयंपाक्याला ते मांस वाटत नाही. उंचीवर भूक मरते. राजगिऱ्याची चिक्की आणि खारे शेंगदाणे ठेवा, दर तासाला थोडं तोंडात टाका. पाकीटबंदच न्या, आणि सीमाशुल्काच्या अर्जात लिहा.

विम्याची पॉलिसी ट्रेकिंगसाठी किती उंचीपर्यंत आहे ते वाचा. ४,२१५ च्या पुढे हवी, बऱ्याच स्वस्त पॉलिसी त्याआधीच थांबतात.

ब्रह्मगिरी_रोज:
एक राहिलं. परमिट पासपोर्टच्या क्रमांकावर असतं, आणि ट्रेक जिथून सुरू होतो त्या 'किलोमीटर ८२' नावाच्या नाक्यावर मूळ पासपोर्टच बघतात. भाचीचा पासपोर्ट मध्येच नूतनीकरणाला देणार असाल तर कंपनीला आधी कळवा, आणि जुना पासपोर्टही सोबत ठेवा.