मदत हवी आहे: बायपोलर आणि दारू, दोन्हींवर एकत्र उपचार कुठे?
धाकट्या भावाला बायपोलर (कधी टोकाचा उत्साह, कधी खोल नैराश्य असा मनाचा आजार) आहे, त्यावर लिथियमच्या गोळ्या चालू आहेत आणि जोडीला दारूचं व्यसन. व्यसनमुक्ती केंद्रवाले म्हणतात, आधी मनाचा आजार आटोक्यात आणा. मानसोपचारतज्ज्ञ म्हणतात, आधी दारू सोडवा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू-ड्रग्जशी निगडित मानसिक विकारही येतात, मग ही ढकलाढकली का? पुण्या-मुंबईकडे असं ठिकाण हवंय जिथे दारू तुटताना फिट आली, भास झाले तर रात्रीही डॉक्टर असतात, लिथियमची रक्तातली पातळी तपासतात. एका केंद्रात 'इथे गोळ्या चालत नाहीत' म्हणाले, तिथे त्याला नक्कीच ठेवणार नाही. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात असा पेशंट कुणी नेला आहे का? टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वरही विचारतोय. आई थकली आहे हो. प्रत्यक्ष अनुभव असेल तर कृपया लवकर कळवा.