बोन्सायकडे नेमके बघावे कसे?

गच्चीवरचा माळी

नमस्कार. गेल्या रविवारी पुण्यात एका बोन्साय प्रदर्शनाला जाण्याचा योग आला. प्रवेशद्वारापाशीच वडाचे एक बोन्साय मांडलेले होते. त्याचे खोड नागमोडी होते, पाने दाट आणि पुसून ठेवल्यासारखी तुकतुकीत होती आणि कुंडी निळ्या झिलईची होती. त्याच्याभोवतीची छायाचित्रे काढणाऱ्यांची गर्दी हटत नव्हती आणि खरे सांगायचे तर त्या गर्दीत मीही होतो. पारितोषिकाची चिठ्ठी मात्र आतल्या कोपऱ्यातील ज्युनिपर नावाच्या एका सूचिपर्णी झाडासमोर ठेवलेली दिसली. अंगठ्याएवढे जाड, दोन ठिकाणी वळलेले खोड, त्याचा खालचा बराचसा भाग उघडा, शेंड्याकडे मोजून चार फांद्या आणि खाली बशीएवढी मातकट कुंडी, एवढाच त्याचा संसार. मी पाच मिनिटे तेथे उभा राहिलो. यात काहीतरी आहे एवढे जाणवले, परंतु काय आहे ते मला स्वतःलाही सांगता येईना. परीक्षक शेजारीच होते, पण त्यांना विचारण्याचा धीर झाला नाही.

दुसरी अडचण घरची आहे. माझ्याकडे अकरा वर्षांचे नांदरूक आहे. चित्रांत पाइनच्या बोन्सायला जसे पानांचे सपाट थर दिसतात, तसे करण्यासाठी मी गेल्या वर्षी त्याच्या फांद्यांना अ‍ॅल्युमिनियमची तार गुंडाळून त्या खाली वाकवल्या. आता ते झाड दुसऱ्या कोणाचे तरी कपडे घालून उभे असल्यासारखे दिसते. बोन्साय पाहताना नजर कोठून कोठे न्यावी आणि आपल्या झाडाची शैली कशावरून ठरवावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

दगडफूल

आपली नजर पानांपासून सुरू झाली, म्हणून गर्दीतले झाड आवडले. तसे सर्वांचेच होते. पुढच्या वेळी पाने मुद्दाम शेवटी बघा आणि सुरुवात मातीपासून करा. खोड जेथे जमिनीत शिरते तेथे मुळे चहूबाजूंनी पसरून मातीला धरून बसलेली दिसतात का, हे आधी पाहावे. जपानी लोक या पसरलेल्या मुळांना नेबारी म्हणतात. ज्या झाडाला नेबारी नाही ते कितीही सुंदर असले तरी काठी रोवल्यासारखे वाटते.

तेथून पहिल्या फांदीपर्यंतच्या खोडावर नजर सावकाश चढू द्यावी, कारण झाडाचा स्वभाव तेवढ्या वीतभर भागात ठरलेला असतो. बुंध्याशी जाड असलेले खोड वर जाताना क्रमाने निमुळते होत गेले, तर हातभर उंचीचे झाडही डोळ्यांना प्रचंड वाटते. तेच खोड वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीचे असेल, तर त्याला नागमोडी वळणे देऊन काहीही साधत नाही. आपण वर्णन केलेल्या वडाची वळणे सारख्या अंतरावर आणि सारख्या मापाची असतील, अशी मला शंका आहे. रोप कोवळे असताना ते तारेने इंग्रजी एस अक्षरासारखे वळवून विकण्याची पद्धत सर्रास आहे. निसर्गात झाडाला वळण मिळते ते काही घडल्यामुळे, म्हणजे फांदी मोडल्यामुळे, दरड घसरल्यामुळे किंवा शेजारच्या झाडाने ऊन अडवल्यामुळे, आणि अशा घटना ठरावीक अंतराने घडत नाहीत.

त्यानंतर फांद्या पाहाव्यात, पण फांद्यांपेक्षाही त्यांच्यामधल्या मोकळ्या जागा. गाण्यात दोन स्वरांमधला थांबा जे काम करतो, ते काम येथे ही रिकामी जागा करते. आणखी एक गोष्ट म्हणजे झाड उभ्याने, वरून पाहू नये. गुडघे वाकवून डोळे खोडाच्या मध्याशी आणावेत. चांगल्या बोन्सायचा शेंडा किंचित पाहणाऱ्याच्या दिशेने झुकवलेला असतो. वरून हे कळत नाही. खाली वाकल्यावर मात्र मोठ्या झाडाखाली उभे राहून वर बघत असल्याचा भास होतो. प्रदर्शनात सराईत माणसे ओणवी होऊन फिरताना दिसतात, त्याचे कारण हेच.

काठपदर

मी त्या ज्युनिपरविषयी लिहितो. वर्णनावरून ती बुंजिन शैली असावी. बुंजिन म्हणजे विद्वान, साहित्याचा व्यासंगी मनुष्य. चीनमधील अशा व्यासंगी मंडळींनी काळ्या शाईने काढलेल्या निसर्गचित्रांतील झाडांवरून ही शैली आली. दाट रानात प्रकाशासाठी उंच गेलेल्या झाडाच्या खालच्या फांद्या सावलीत वाळून गळून जातात आणि उरते ते उघडे खोड व शेंड्याकडील थोडी पाने. या शैलीत जाड बुंधा, भरदार फांद्या, दाट पालवी यांपैकी कशाचाच आधार मिळत नाही. खोडाची एकच रेषा असते आणि ती चुकली तर लपवायला जागा नसते. परीक्षक अशा झाडापुढे थांबतात ते त्यामुळे. कुंडी लहान आणि मातकट असण्यालाही अर्थ आहे. पाइन, ज्युनिपर यांसारख्या सूचिपर्णी झाडांना बिनझिलईची कुंडी आणि फुलाफळांच्या किंवा पानझडी झाडांना झिलईची, असा सर्वसाधारण प्रघात आहे.

आता थोडे विषयांतर, तरी अगदी विषय सोडून नाही. १९२३ च्या भूकंपानंतर टोकियोतील बोन्साय व्यावसायिक शहर सोडून ओमिया येथे गेले आणि १९२५ मध्ये तेथे त्यांची वसाहत उभी राहिली. आज त्या गावात बोन्सायचे स्वतंत्र संग्रहालय आहे. परंतु मला अधिक बोलके वाटते ते अमेरिकेतील एक झाड. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात यामाकी पाइन नावाचा पाच सुयांचा पांढरा पाइन आहे. १६२५ पासून त्याची जोपासना झाली असे मानले जाते. हिरोशिमाच्या यामाकी कुटुंबाने जपानच्या ५३ बोन्सायच्या भेटीतून तो १९७६ मध्ये अमेरिकेला दिला. ६ ऑगस्ट १९४५ रोजी बाँब पडला तेव्हा हे झाड स्फोटाच्या जागेपासून साधारण तीन किलोमीटरवर त्या कुटुंबाच्या घरी होते आणि वाचले. मात्र ही हकिकत तेथील लोकांना कळली २००१ मध्ये, देणगीदाराचे नातू झाड पाहायला आले तेव्हा. म्हणजे सुमारे पंचवीस वर्षे हजारो लोक ही कथा ठाऊक नसतानाच त्या झाडासमोर थांबत होते. बुंध्याची जाडी, सालीची खडबडीत खपली आणि पसरट, शांत शेंडा यांनीच त्यांना थांबवले होते. झाडाच्या वयाची पाटी वाचण्यापूर्वी झाडच वय सांगते की नाही, हे मी त्यानंतर प्रत्येक प्रदर्शनात पडताळून पाहू लागलो.

पाणंद

वरील दोन्ही प्रतिसाद मोलाचे आहेत, परंतु प्रश्नकर्त्याच्या नांदरुकाला त्यांचा उपयोग मर्यादित आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. खाली झुकलेल्या फांद्या आणि पानांचे वेगवेगळे थर ही डोंगरावरच्या पाइनची आकृती आहे. वर्षानुवर्षे बर्फाचे ओझे पेलून त्याच्या फांद्या तशा उतरतात. आपल्या नांदरुकावर कधी बर्फ पडले? रस्त्याकडेचे जुने नांदरूक डोळ्यांसमोर आणा. बुंधा आखूड, बुंध्यातून तीन-चार जाड फांद्या हाताच्या बोटांसारख्या वर आणि बाहेर निघालेल्या, माथा रुंद छत्रीसारखा, खोडावर मुळांचे दोर एकमेकांत वितळलेले. पहिली फांदी उंचीच्या एक-तृतीयांशावर असावी, हा बोन्सायचा नियम त्याने कधी पाळलेला नाही.

वडाच्या बाबतीत तर खोड एकच असावे हेही सक्तीचे नाही. हावड्याच्या वनस्पती उद्यानातील प्रसिद्ध वडाचे मूळ खोड बुरशी लागल्यामुळे १९२५ मध्ये काढून टाकावे लागले आणि अडीचशेहून अधिक वर्षांचे ते झाड आजही निव्वळ पारंब्यांवर उभे आहे. असा वड कुंडीत उतरवायचा तर पाइनचे चित्र काय कामाचे? आपला नमुना गावाबाहेरच्या पारावर आहे.

प्रत्यक्ष कामाविषयी सांगतो. तार आजच काढा, आणि ती उलगडू नका, कातरीने तुकडे करून काढा. उलगडताना फांदी पिळवटते. फायकस, म्हणजे वड-नांदरुकाच्या कुळातले झाड, पावसाळ्यात इतके भराभर जाड होते की तीन-चार आठवड्यांत तार सालीत रुतते आणि तिचे वळ वर्षानुवर्षे राहतात. तारेऐवजी दक्षिण चीनमधील लिंगनान पद्धत आपल्या झाडांना मानवते. फुटवा मोकळा वाढू द्यायचा, हवा तितका जाड झाला की दोन पाने ठेवून छाटायचा, नवा फुटवा वेगळ्या दिशेने निघतो, तो पुन्हा वाढू द्यायचा. वेळ लागतो, पण प्रत्येक छाटणीगणिक फांदीला कोन मिळतो आणि ती बारीक होत जाते. पारंब्या हव्या असतील तर पावसाळ्याची वाट पाहावी. माझ्या झाडाची एक पारंबी मातीपासून चार बोटे वर येऊन दरवर्षी सुकत असे. शेवटी सरबताची नळी उभी चिरून, तिच्यात ओले मॉस भरून, ती पारंबीभोवती बांधली आणि टोक मातीत खुपसले. दोन महिन्यांनी नळी काढली तेव्हा पारंबी मातीत रुजलेली होती.

दगडफूल

पाणंद यांचे म्हणणे पटते, फक्त एक पुरवणी जोडते. पाइनची आकृती सोडावी. पण निमुळते खोड, पसरलेली मुळे आणि मोकळी जागा यांची गरज नांदरुकालाही आहे. रस्त्याकडेच्या झाडातसुद्धा फांद्यांमधून आभाळ दिसतेच. तसेच सुकलेल्या लाकडाची पांढरी टोके ज्युनिपरवर शोभतात म्हणून ती फायकसवर करू नयेत, आपल्या दमट हवेत ते मऊ लाकूड कुजते.

माळीबुवा, नेबारी नाही असे ठरवण्याआधी एकदा माती उकरून पाहा. माझ्या चिंचेचा बुंधा मी कित्येक वर्षे सरळसोट समजत होते. एकदा सहज बांबूच्या काडीने कडेची माती सैल केली, रंगाच्या ब्रशने झटकली, तर दोन बोटे खाली तीन जाड मुळे निघाली. दर वेळी कुंडी बदलताना वर माती टाकून मीच त्यांना पुरत आले होते.

गच्चीवरचा माळी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तार तुकडे करून काढली. एका फांदीवर वळ उमटले आहेत. ती फांदी सावकाश छाटून बदलेन. सायंकाळी आमच्या रस्त्यावरच्या जुन्या नांदरुकासमोर अर्धा तास उभा राहिलो. वीस वर्षे त्याच्याखाली स्कूटर लावतो आहे, पण त्याचा माथा एका बाजूला अधिक पसरलेला आहे हे आजवर लक्षात आले नव्हते. पलीकडे इमारत आहे, त्यामुळे ऊन एकाच बाजूने मिळते.

त्यानंतर काडी आणि ब्रश घेऊन बसलो. समोरच्या बाजूला फारसे काही सापडले नाही. मागच्या बाजूला मात्र करंगळीएवढी दोन मुळे एकमेकींत गुंतून कुंडीच्या काठापर्यंत गेलेली निघाली, आणि त्या बाजूने पाहिले तर खोडही अधिक निमुळते दिसते. म्हणजे झाडाची दर्शनी बाजू अकरा वर्षे गच्चीच्या भिंतीकडे होती. कुंडी फिरवून ठेवली आहे. कुंडी बदलण्याचे काम मे महिन्यात करावे की पहिला पाऊस पडेपर्यंत थांबावे, एवढे सांगा.

पाणंद

मे महिन्यात करा, उकाड्यात फायकसची मुळे लवकर धरतात. नंतर दोन-तीन आठवडे सावलीत ठेवा. आणि नवी कुंडी उथळ व पसरट घ्या, निळी नको.