हॉलमधला टीव्ही, रिसीव्हर आणि स्पीकर इंटिरिअरमध्ये बसवायचे आहेत, सुताराला काय सांगावं?

वाकड_नवं_घर

नमस्कार मंडळी. हॉल १७ फूट लांब, १०.५ फूट रुंद आहे. इमारत मायवन पद्धतीची, म्हणजे सगळ्या भिंती आरसीसीच्या. १७ फुटी भिंतीवर ६५ इंची टीव्ही येणार, समोरच्या भिंतीला सोफा. बसल्यावर डोळ्यांपासून टीव्ही साधारण ८ फूट. मांडणी ५.१.२ ची हवी आहे: एव्ही रिसीव्हर (सगळ्या स्पीकरना आवाज वाटून देणारा ॲम्प्लिफायर), पुढे तीन स्पीकर, मागे दोन, छतात दोन आणि एक सबवूफर, म्हणजे खर्जाचा स्पीकर.

डिझायनरच्या ड्रॉइंगमध्ये टीव्हीमागे काळी काच, खाली १२ इंच खोल बंद युनिट, त्यातच रिसीव्हर आणि सबवूफर, आणि पुढचे स्पीकर फ्ल्युटेड (उभ्या पन्हाळींच्या) पॅनलच्या मागे दाखवले आहेत. फॉल्स सीलिंगची फ्रेम पुढच्या आठवड्यात लागेल. वायर दिसायला नको, पण आवाजही मारला जायला नको. यातलं काय चालेल आणि काय बदलावं?

वायरमन_तात्या

आधी भिंतीचं पाहू. मायवनच्या भिंतीत झिरी मारू नका. ती भिंत इमारतीचा भार पेलते, आणि सळईवरचं काँक्रीटचं आवरण कापलं की पाणी व गंज थेट सळईपर्यंत पोचतात. वायर लपवायच्या तर भिंतीच्या पुढे पॅनल घ्या. २ इंची पट्ट्यांची फ्रेम, वर १९ एमएम प्लाय. टीव्हीपासून खालच्या युनिटपर्यंत दोन पट्ट्यांमध्ये ४ इंच रुंद मोकळी वाट सोडा, वर आणि खाली हात जाईल एवढं भोक ठेवा. मग पाइप लागत नाही, आणि एचडीएमआयची वायर दहा मिनिटांत बदलता येते. विटांच्या किंवा सिपोरेक्सच्या (हलक्या काँक्रीट ब्लॉकच्या) भिंतीत झिरी चालते, पण तिथे पाइप २ इंचीच घाला. एचडीएमआयचा प्लग जवळपास २१ मिमी रुंद असतो. १ इंची पाइपाच्या पहिल्याच वळणावर तो अडकतो, आणि ओढून काढताना पिना वाकतात.

टीव्हीचा ब्रॅकेट नुसत्या प्लायवर नको. प्लायच्या आरपार काँक्रीटपर्यंत अँकर फासनर जाऊ द्या. ब्रॅकेटच्या मागे पोकळी राहिली तर स्क्रू आवळताना प्लाय आत दबतो आणि टीव्ही तिरका होतो. म्हणून तिथे पट्ट्या सलग भरून घ्या.

टीव्हीमागचा प्लग पॉइंट हा नेहमीचा घोटाळा. आपला गोल पिनांचा प्लग वायरीसकट २ इंच पुढे येतो, स्लिम ब्रॅकेट टीव्हीला जेमतेम १ इंच लांब ठेवतो. सॉकेटचा बॉक्स पॅनलच्या आत खोल बसवून घ्या, आणि ब्रॅकेटची प्लेट येते ती जागा सोडून बाजूच्या कोपऱ्यात घ्या. ६ अँपिअरचे तीन पॉइंट ठेवा. सोबत एचडीएमआय दोन (एक चालू, एक राखीव) आणि इंटरनेटची कॅट-६ वायर एक.

छतातून स्पीकरला २.५ स्क्वेअर एमएमची दोन कोअर तांब्याची वायर न्या. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर स्वस्त मिळते, ती नको. १० मीटरच्या अंतरात २.५ ची जाऊन-येऊन रोध सुमारे ०.१४ ओहम भरतो, ८ ओहमच्या स्पीकरला तो काहीच नाही. विजेच्या वायरपासून १ फूट लांब राहा, ओलांडायची झाली तर काटकोनात ओलांडा. मागच्या दोन स्पीकरसाठी छतातून पडद्याच्या पेल्मेटमागून खाली उतरता येतं. जिप्सम बोर्ड लागण्याआधी आणि लागल्यावर, दोन्ही वेळा मल्टिमीटरने प्रत्येक जोडी तपासा. बोर्डाचा स्क्रू वायरीत घुसला की दोन कोअर एकमेकांना टेकतात, आणि रिसीव्हर चालू होताच प्रोटेक्शनमध्ये जातो, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद पडतो. तेव्हा छत फोडण्यावाचून गत्यंतर नसतं.

सागवान

१२ इंच खोलीच्या युनिटमध्ये रिसीव्हर मावणारच नाही. बहुतेक रिसीव्हर सुमारे १७ इंच रुंद आणि १३ ते १६ इंच खोल असतात. मागे वायरींना आणखी ३ इंच लागतात. आतून खोली २० इंच, रुंदी २२, उंची साडेअकरा, एवढा कप्पा हवा.

उंचीचं गणितही आत्ताच करा. सोफ्यावर डोळे जमिनीपासून साधारण ४० इंचावर येतात, ६५ इंची पडदा ३२ इंच उंच असतो. म्हणजे टीव्हीची खालची कड २४ इंचावर. युनिटचा माथा १६ इंचावर ठेवला तर मधे सेंटर स्पीकरला ७-८ इंच मिळतात. ड्रॉइंगमध्ये टीव्ही बहुधा याहून वर असेल. तो खाली आणायला लावा, मान वर करून तासभर बघवत नाही.

बंद दार आणि रिसीव्हर हे जमत नाही. तो तापतोच, आणि लॅमिनेटच्या पेटीत ती उष्णता साठत जाते. आधी आवाज मधेच बंद पडू लागतो, पुढे कपॅसिटर लवकर सुकतात. माथ्यावर किमान ४ इंच मोकळे. तळाच्या फळीला पुढच्या बाजूला आणि पाठीच्या फळीला वरच्या बाजूला मोठी भोकं, म्हणजे गार हवा खालून येईल आणि गरम वरून निघेल. दोन्ही भोकं वरच पाडली तर तीच गरम हवा फिरत राहते. वरच्या भोकाला १२० मिमीचा १२ व्होल्टचा पंखा लावा, पण ७ व्होल्टवर चालवा, त्याचा आवाज येत नाही. भोकांना स्टीलची बारीक जाळी हवीच. उबेला पाली आणि झुरळं आत शिरतात, सर्किटवर शॉर्ट करतात. जाळीवर धूळ धरते, महिन्यातून एकदा ब्रश फिरवा.

दाराला वेताची जाळी उत्तम: हवा जाते, आतलं दिसत नाही. पावसाळ्यात वेत सैल पडतो आणि बुरशी धरतो, म्हणून दोन्ही बाजूंनी मेलामाइन किंवा पीयूचा हात द्यायला सांगा.

टीव्हीमागची काळी काच मला पटत नाही. समोरची खिडकी आणि सगळे दिवे त्यात दिसतात, रात्री सिनेमा बघताना तेच डोळ्यात भरतं. शिवाय टफन केलेल्या काचेला नंतर भोक पाडता येत नाही, ती फुटते. ब्रॅकेट आणि सॉकेटची भोकं कारखान्यातच पाडून यावी लागतात, एक माप चुकलं की काच वाया. गडद मॅट लॅमिनेट किंवा व्हिनीयर घ्या. पडद्याच्या कडा गडद पृष्ठभागात मिसळून जातात, बंद टीव्हीचा काळा चौकोन खुपत नाही.

मंद्रसप्तक

स्पीकर फ्ल्युटेड पॅनलमागे नकोत. दिसायला ते पन्हाळीसारखे असले तरी ती सलग फळीच आहे, आवाजाची धार तिथेच मरते. मधे फटी असलेल्या पट्ट्याही चालत नाहीत. १० किलोहर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी साडेतीन सेंटिमीटर. त्याच मापाची पट्टी ट्वीटरसमोर (स्पीकरमधल्या बारीक, तीव्र स्वरांच्या भागासमोर) आली की आवाज तुटून पसरतो आणि संवाद अस्पष्ट होतात. पॅनलच्या रंगाशी जुळणारं कापड ताणलेली लाकडी चौकट करा आणि चुंबकावर टेकवा. कापड निवडताना त्यावर तोंड लावून फुंका. श्वास सहज पार झाला तर आवाजही जाईल. जाड सोफ्याचं कापड तिथे नापास होतं.

कोनाड्यात ठेवायचे स्पीकर मागे भोक असलेले नकोत, खर्ज फुगतो. पुढे पोर्ट असलेले किंवा पूर्ण बंद पेटीचे घ्या. स्पीकरचं तोंड कोनाड्याच्या कडेच्या बरोबरीला किंवा दोन सूत पुढे असू द्या. आत ढकलले की बाजूच्या फळ्या भोंग्यासारख्या वाजतात. सेंटरचं तोंड थोडं वर, कानाकडे झुकवा. डावा-उजवा मध्यरेषेपासून २२ ते ३० अंशांत हवेत. तुमच्या ८ फुटांना दोघांतलं अंतर साडेसहा ते नऊ फूट येतं, टीव्हीच्या दोन्ही बाजूंना सहज बसतात.

छताची घाई आहे, तेव्हा हे उद्याच ठरवा. फॉल्स सीलिंगनंतर उंची साडेआठ फूट धरली तर दोन्ही स्पीकर सोफ्यावर बसणाऱ्याच्या डोक्यापुढे सुमारे १ फूट, आणि पुढच्या डाव्या-उजव्याच्या सरळ रेषेत. साडेसहा इंची स्पीकरला बहुधा ८ ते साडेनऊ इंचाचं भोक लागतं. जिप्सम बोर्ड धरणारे सेक्शन, म्हणजे फ्रेमच्या पत्र्याच्या पट्ट्या, साधारण दीड फुटावर असतात, म्हणून फ्रेम लागण्याआधीच जागा आखून सेक्शन सरकवून घ्या, कापलेला सेक्शन पुढे लोंबतो. छताचा ड्रॉप, म्हणजे स्लॅबपासून खाली सोडलेली पोकळी, ५-६ इंच हवा, ४ इंचात बहुतेक स्पीकर टेकतात. बोर्डावर १२ एमएम प्लायची रिंग द्या, नाहीतर बोर्डच थरथरतं. मागे रॉकवूल घातलं तर वरच्या मजल्यावर आवाज कमी जातो.

सबवूफर युनिटच्या बाहेर काढा. तो आत ठेवला की ड्रॉवर, बिजागऱ्या, काचेची दारं सगळं खडखडतं. ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतो हे कानाला कळत नाही, म्हणून त्याला टीव्हीजवळ राहायची गरज नाही. सोफ्याच्या शेजारी बाजूच्या टेबलाच्या जागी ठेवला तर नजरेतही भरत नाही. जागा शोधायची रीत अशी: सबवूफर सोफ्यावर, तुम्ही बसता तिथे ठेवा, खर्जाचं गाणं लावा आणि भिंतीकडेने कान जमिनीजवळ ठेवून फिरा. जिथे खर्ज सगळ्यात एकसारखा ऐकू येतो ती जागा. त्यासाठी दोन-तीन कोपऱ्यांत आरसीए वायर (रिसीव्हरकडून सबवूफरला सिग्नल नेणारी) आणि ६ अँपिअरचा पॉइंट आत्ताच टाकून ठेवा. खाली दाट फोम द्या, नाहीतर स्लॅबमधून खालच्या घरात पोचतो.

वाकड_नवं_घर

खूप उपयोग झाला. काच आणि फ्ल्युटेड पॅनल रद्द. दोन शंका राहिल्या. सगळं युनिट २० इंच खोल केलं तर चालायची वाट अरुंद होईल. आणि दार बंद असताना रिमोट कसा चालणार?

सागवान

सगळं कशाला? एका टोकाचा एकच खण २० इंचांचा करा, बाकी युनिट १२ इंचच ठेवा. कोपऱ्यात तो खण खांबासारखा वाटू नये म्हणून माथ्याची फळी एका रेषेत घ्या आणि वर कुंडी ठेवायला जागा सोडा.

वायरमन_तात्या

रिसीव्हर टोकाला गेला तर एचडीएमआय ५-६ मीटरची होईल. एवढ्या अंतरात साधी वायर ४के ६० हर्ट्झला चमक मारते किंवा पडदा काळा होतो. ऑप्टिकल घ्या. तिला दिशा असते: ‘सोर्स’ लिहिलेलं टोक रिसीव्हरला, ‘डिस्प्ले’ लिहिलेलं टीव्हीला. उलटी घातली तर चित्र येतच नाही. टीव्हीचा आवाज रिसीव्हरकडे परत यायचा असेल तर वेष्टनावर ई-आर्क लिहिलेलीच घ्या. आणि ही वायर फार वाकवू नका, आतला काचतंतू तुटतो.

रिमोटचं सोपं आहे. स्टिक आणि स्ट्रीमिंग बॉक्स ब्लूटूथवर चालतात, त्यांना दार आडवं येत नाही. रिसीव्हर एचडीएमआय-सीईसीने टीव्हीबरोबर चालू-बंद होतो. सेट-टॉप बॉक्सला मात्र इन्फ्रारेड लागतं. त्याचा एक्स्टेंडर मिळतो. छोटा डोळा टीव्हीच्या खालच्या कडेला चिकटवायचा, वायर त्याच ४ इंची वाटेने खाली आणायची, आणि दुसरं टोक बॉक्सच्या सेन्सरवर लावायचं. सेन्सर नेमका कुठे आहे ते टॉर्च मारून पाहा, एक इंच चुकलं तरी बॉक्स ऐकत नाही.